चौदा दिवस, एक माणूस

जबाब
दिनांक २४/११/२०२५, सकाळी ११.१५
पोलीस ठाणे नायगाव, जि. नांदेड

नाव: श्रीमती सिंधु गुरुलिंग हालगे, वय ५९ वर्षे, व्यवसाय खासगी नोकरी (बांधकाम नियोजन), शिक्षण स्थापत्य पदविका, सन १९८७, रा. प्रकाशनगर, लातूर.

मी वर नमूद केलेली, समक्ष हजर होऊन जबाब देते की, मला येथे कोणी बोलावलेले नाही. मी सकाळच्या एसटीने लातूरहून स्वतः आले आहे.

लातूर येथील रेणापूरकर अँड सन्स या बांधकाम कंपनीत मी सन १९९४ पासून नोकरीस आहे. मालक शेषेराव रेणापूरकर, वय ६८. त्यांचा मुलगा शिवम, वय २९, मागील एक वर्षापासून सर्व कारभार पाहतो. कोणत्या कामाला किती दिवस, किती माणसे आणि कोणते काम संपल्याशिवाय पुढचे सुरू करायचे नाही, याचा तक्ता तयार करणे हे माझे काम. पूर्वी मी तो आलेखाच्या कागदावर काढत असे. सन २००९ पासून संगणकावर काढते.

दिनांक १६/११/२०२५, रविवार रोजी दुपारी २.२० वाजता नायगाव येथे कंपनी बांधत असलेल्या मंगल कार्यालयाचा मोठ्या हॉलवरील स्लॅब पडला. त्याखाली सेंटरिंगचे मिस्त्री शेख जिलानी शेख मदार, वय ५४, रा. देगलूर नाका, नांदेड हे सापडले. दिनांक १७ रोजी त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. डाव्या पायाबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

कंपनीने या पोलीस ठाण्यास लेखी कळवले आहे की, तक्त्यात स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवण्याचे स्पष्ट लिहिले असताना जिलानी मिस्त्रींनी ते आपल्या मनाने चौथ्या दिवशी काढले. हे खोटे आहे. खोटे आहे एवढे सांगून मी थांबणार नाही, कसे खोटे आहे ते सांगते.

तक्ता करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक कामाबद्दल तीन गोष्टी विचारते. काम किती दिवस चालेल, त्यात एकूण किती तासांची मेहनत आहे आणि त्यावर माणसे किती. माणसे ते टक्क्यांत मोजते. एक माणूस म्हणजे शंभर टक्के, चार माणसे म्हणजे चारशे टक्के. तिन्हींपैकी दोन आकडे दिले की तिसरा ते स्वतः काढते. माणसे आणि दिवसाचे तास यांचा दिवसांशी गुणाकार केला की मेहनत येते. यापलीकडे त्याला काही कळत नाही. खड्डा खणायचा आहे की भात शिजवायचा आहे, हे त्याला माहीत नसते.

म्हणून तिन्हींपैकी कोणता आकडा हलवायचा नाही, हे माणसाने ठरवून द्यायचे असते. खणण्याच्या कामात मेहनत कायम ठेवतात. माणसे दुप्पट केली की दिवस निम्मे होतात, आणि जागेवरही साधारण तसेच होते. स्लॅब घट्ट होण्याच्या कामात दिवस कायम ठेवतात. माझ्या तक्त्यात ती ओळ ‘पाणी मारणे, टेकू कायम’ अशी आहे. चौदा दिवस, एक माणूस, रोज आठ तास, एकूण एकशे बारा तास. दिवस कायम. पुढची ओळ ‘टेकू काढणे’, ती आधीची संपल्याशिवाय सुरू होत नाही. स्लॅब दिनांक १२ नोव्हेंबर रोजी टाकला. पाणी १३ ते २६. टेकू २७ रोजी.

शिवम यांनी या ओळीत ‘दिवस कायम’ ही खूण काढून ‘मेहनत कायम’ केली आणि पाणी मारायला एकाऐवजी चार माणसे लावली. एकशे बारा तास चार माणसांत वाटले की साडेतीन दिवस होतात. पाणी मारणे दिनांक १६ रोजी दुपारपर्यंत संपले. टेकू काढणे त्याच्या मागे आपोआप सरकले आणि १६ रोजी दुपारी एकला आले. चार माणसांनी पाणी मारले म्हणून सिमेंट चौपट घाईने घट्ट होत नाही. हे जिलानी मिस्त्रींना समजते. ते सातवी शिकलेले आहेत.

हे आपोआप झाले, सिस्टीमने केले, असे शिवम म्हणतील. नोंद करावी की ती खूण आपोआप बदलत नाही. कामाची चौकट उघडून, यादीतून दुसरा पर्याय निवडावा लागतो. नंतर माणसे वाढवली की संगणक तेथेच थांबून विचारतो, दिवस कमी करू, मेहनत वाढवू, की माणसांचे रोजचे तास कमी करू. त्यांनी पहिला पर्याय निवडला. हे मला माहीत आहे, कारण कोणत्या कामाला कोणती खूण लावायची हे सन २०१९ मध्ये मीच त्यांना शिकवले. ते तेव्हा कॉलेजात होते. माझ्या खुर्चीवर बसून शिकले.

पोलीस उपनिरीक्षक व्यंकटराव साहेब यांनी विचारले की, त्यांनी असे का करावे. सांगते. मंगल कार्यालय ३१ जानेवारीऐवजी १० जानेवारीला ताब्यात द्या, असा जागामालकाचा आग्रह होता. शिवम यांनी बैठकीत हो म्हटले आणि मग मला विचारले. मी नाही म्हटले. दिनांक ६ ऑक्टोबरची गोष्ट. खोलीत अकरा माणसे होती. शिवम यांचे शब्द असे होते: “मॅडमच्या तक्त्यात सिमेंटलासुद्धा रविवारची सुट्टी असते.” सगळे हसले. मी म्हटले, “सिमेंटला सुट्टी नसते, घाईही नसते.” त्यावर ते म्हणाले, “मॅडम, आता विचार सॉफ्टवेअर करतं. तुम्ही विचारल्याशिवाय बोलू नका.” शेषेराव साहेब शेजारी बसून मोबाईल पाहत होते. दुसऱ्या दिवशी माझे टेबल झेरॉक्स मशीनजवळ हलवले. तक्ता शिवम यांनी स्वतःकडे घेतला.

त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय बोलले नाही. ही नोंद महत्त्वाची आहे, पुढे लागेल.

अपघाताची हकीकत मला साइटवरील सुपरवायझर बजरंग यांनी दिनांक १७ रोजी फोनवर सांगितली. जिलानी मिस्त्री हिमायतनगरला मेहुण्याच्या मयतीला गेले होते. बजरंग यांच्या हातात तक्त्याचा छापील कागद होता. ते म्हणाले, “मॅडम, मलाबी लई लवकर वाटलं. शिवम सायबाला फोन केला. सायब म्हणले, तारीख सिस्टीमनं काढलीय, तू सिस्टीमपेक्षा शहाणा हायस का. मी म्हणलं, नवीन सिमेंट आसंल.” एक वाजता त्यांनी टेकू काढायला सुरुवात केली. दोनच्या सुमारास जिलानी मिस्त्री हिमायतनगरहून थेट साइटवर आले. पिशवी खांद्यावरच होती. त्यांनी शिव्या देऊन सगळ्यांना बाहेर काढले आणि स्वतः आत जाऊन टेकू परत लावू लागले. चार टेकू लावले. पाचवा लावताना स्लॅब खाली आला. म्हणजे ज्यांच्यावर टेकू काढल्याचा आरोप आहे, ते तेथे एकटेच टेकू लावत होते.

तो छापील कागद शिवम यांनी त्याच संध्याकाळी बजरंग यांच्याकडून काढून घेतला. बजरंग यांचा फोन दिनांक १९ पासून बंद आहे. त्यांच्या सासुरवाडीचा पत्ता मी वेगळ्या कागदावर दिला आहे. कंपनीच्या कार्यालयातील संगणकावर आता ती ओळ पुन्हा चौदा दिवस, एक माणूस, दिवस कायम अशी आहे. मी १८ रोजी स्वतः पाहिली. ती फाइल शेवटची कधी बदलली हे संगणकात दिसते: १६ नोव्हेंबर, दुपारी ४.०५. स्लॅब पडल्यानंतर एक तास पंचेचाळीस मिनिटांनी. त्या वेळी जिलानी मिस्त्री अजून नांदेडच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत होते. संगणक आजच जप्त करावा. उद्या नको.

दिनांक १९ रोजी मी नांदेडला रुग्णालयात गेले. जिलानी मिस्त्रींच्या पत्नी जाहिदा बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारले, “मॅडम, तुमी सांगितलं न्हाई का त्या मालकाच्या लेकराला?” आतून जिलानी मिस्त्रींनी ऐकले. ते म्हणाले, “सांगितलंच आसंल की. मॅडम सांगितल्याबिगर ऱ्हात न्हाईत. वीस साल झाले, माझा एक टेकू वाकडा दिसला तर लातूरहून फोन.” मग जाहिदांना म्हणाले, “खुर्ची दे त्यांना.” मी बसले नाही. लगेच निघाले.

दिनांक २० रोजी शेषेराव साहेब माझ्या घरी आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आले. त्यांचे शब्द: “सिंधुताई, एकुलतं पोरगं आहे. जिलानीच्या नावावर जाऊ द्या, त्याचं घर आम्ही बघतो.” मग ते म्हणाले, “तो कागद तुमच्याकडं पण आला होता, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तरी कुठं बोललात?” मी त्यांना चहा विचारला नाही.

व्यंकटराव साहेबांनी विचारले की, बदललेला तक्ता कंपनीकडे नाही, बजरंग यांच्याकडे नाही, मग शिवम यांनी तो बदलला होता याला पुरावा काय. पुरावा माझ्याकडे आहे.

कंपनीच्या कार्यालयात पुनम नावाची ऑपरेटर आहे. काम मी शिकवलेले. दिनांक १४ नोव्हेंबर, शुक्रवार रोजी सकाळी ११.४२ वाजता तिने शिवम यांनी बदललेली फाइल मला मेलवर पाठवली. सोबत एक ओळ लिहिली: ‘मॅडम, सरांनी पाण्याला चार माणसे लावली, हे बरोबर आहे का? सर म्हणतात बरोबर आहे.’ मी ती फाइल ११.५० वाजता उघडली. चूक शोधायला मला एक मिनिट लागले नाही. रविवार, दुपारी एक, टेकू काढणे, हे मी वाचले. नंतर त्या पानाची छापील प्रत काढली. प्रतीच्या खाली तारीख आणि वेळ आपोआप छापली जाते: १४ नोव्हेंबर, १२.१०.

पुनमला मी उत्तर दिले नाही. नायगावला फोन केला नाही. शिवम यांना सांगितले नाही, कारण त्यांनी विचारले नव्हते. सोमवार दिनांक १७ रोजी आढावा बैठक होती. त्याच खोलीत, त्याच अकरा माणसांसमोर हा कागद टेबलावर ठेवायचा आणि शिवम यांना उभे करून विचारायचे की चार माणसांनी सिमेंट किती दिवसांत घट्ट होते, असे मी ठरवले होते. दोन दिवस मी त्या बैठकीचाच विचार केला. कोणती साडी नेसायची तेही ठरवले होते. जिलानी मिस्त्री साइटवर असताना चौथ्या दिवशी टेकूला कोणी हात लावणार नाही, असे मी धरून चालले. ते साइटवर आहेत का, हे मी विचारले नाही. एका फोनचे काम होते.

हवालदार पंचशीला बाई या ठिकाणी टायपिंग थांबवून म्हणाल्या, “मॅडम, हे नाही लिहिलं तरी चालतंय की. तुमच्यावरच येईल.” मी त्यांना लिहायला सांगितले. मेल दाखवला की मी तो कधी उघडला हेही दिसणार. तेवढ्यासाठी मी तो लपवला तर शिवम सुटतात आणि पाय गेलेला माणूस आरोपी होतो. शेषेराव साहेब माझ्या घरी येऊन याच भरवशावर परत गेले. त्यांचा भरवसा चुकला, एवढे त्यांना माझ्यातर्फे कळवावे.

मेलची प्रत, १४ तारखेची छापील प्रत आणि माझा मोबाईल मी हजर करीत आहे. पुनमने वेळेत विचारले होते, तिचा दोष नाही. शिवम यांना न्यायालयात उभे करून हा गुणाकार सर्वांसमोर करायला लावावा. त्या दिवशी मी हजर राहीन, मला ज्या बाजूला उभे करतील त्या बाजूला.

येथून मी नांदेडला जाणार आहे. जिलानी मिस्त्रींना मी काय सांगितले नाही, ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वी माझ्याकडून कळले पाहिजे. या वेळी खुर्ची दिली तर बसेन.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे हवालदार पंचशीला बाई यांनी संगणकावर घेतला. वाचून दाखवण्याची गरज पडली नाही, मी चष्मा लावून दोन वेळा वाचला आणि वेळेचा एक आकडा दुरुस्त करून घेतला. अशा जबाबावर सही लागत नाही, असे मला सांगण्यात आले. तरी मी प्रत्येक पानावर सही केली आहे. यातील मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे, माझ्याविरुद्ध जातो तेवढाही.

सिंधु गुरुलिंग हालगे