आज क्रॉसिंग झाले नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अण्णासाहेब, सत्कारमूर्ती तातेराव साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कौसल्याकाकू, कंपनीतले वरिष्ठ, गावोगावहून आलेले प्लॉटधारक शेतकरी, आणि मागच्या रांगेत बसलेल्या क्रॉसिंगच्या बायांनो,

आधी एक प्रश्न विचारते. आपल्या आईने “डोळ्यात काय गेलंय, जरा बघ गं” असं म्हटलं, तर बघायला किती वेळ लागतो? मला याचं उत्तर देता येणार नाही. मी बघितलं नव्हतं.

मला साहेबांच्या वेळेच्या नियोजनावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे, आणि नेमकी मीच उशिरा आले. मी दारातून आत येताना अध्यक्ष म्हणाले, “नियोजनवाल्या बाई आल्या का एकदाच्या?” सगळे हसले. मीही हसले. उशिराचं कारण सांगणार आहे, पण ते शेवटी.

बाहेरच्या पाहुण्यांना वाटलं असेल, निरोपाचा कार्यक्रम असा भर दुपारी एक ते तीन का? आपल्याकडे कपाशीच्या बियाण्याचं काम हाताने होतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी सोलायची, तिच्यातले नर काढायचे आणि वर लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं नरफूल आणून त्यावर फिरवायचं. बाराच्या आत. बारा वाजून गेले की ते फूल कामाचं राहत नाही. हे क्रॉसिंग रोज, दोन-अडीच महिने, खाडा न करता. म्हणून आपले सत्कारही दुपारी होतात. साहेब, आपला निरोपसुद्धा फुलांच्या सोयीने ठरला आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले आणि साहेबांच्या हाताखाली लागले. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले होते, “बेबीनंदा, फुलाला रविवार कळत न्हाई.” ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. एवढंच नाही, प्रत्येक प्लॉटवर जाऊन बायांनाही ऐकवलं. कुणाचं लेकरू तापलेलं असायचं, कुणाच्या भावाची सोयरीक असायची. मी वही उघडून दाखवायची. मला वाटायचं, मी त्यांना शिस्त शिकवते आहे.

माझी आई द्वारकाबाई माझ्याच देखरेखीतल्या प्लॉटवर कळ्या सोलायची. तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता, हे मागे बसलेल्या बाया सांगतील. दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, पऱ्हाटीची फांदी तिच्या डोळ्याला लागली. संध्याकाळी म्हणाली, “बेबे, डोळ्यात काय गेलंय, जरा बघ गं.”

मी लाल कागदांचा हिशोब लावत होते. मी म्हणाले, “माय, ड्रॉप आणते उद्या.”

ड्रॉप आणले. मेडिकलवाल्याला नाव मीच सांगितलं, मी बी.एस्सी. ना. तिने चार दिवस ते घातले आणि त्याच डोळ्याने कळ्या सोलल्या. पाचव्या दिवशी मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. खरं सांगायचं तर साहेबांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, “जायचं तर जा. मी तर माझ्या मायच्या दहाव्यालासुद्धा प्लॉटवर होतो.” बस, एवढंच. आणि त्या वाक्याने मला वाईट वाटायच्या ऐवजी स्फुरण चढलं. अर्ज मी माझ्या हाताने फाडला. साहेब, आपण मान खाली घालू नका. फाडणारे हात माझे होते.

बाराव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बुबुळ पांढरं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, “आठवडाभर आधी तरी आणायचं होतं. हे ड्रॉप कुणी दिले?” मी म्हणाले, “मेडिकलवाल्याने.”

पुढच्या हंगामात नियमाप्रमाणे, नजर अधू म्हणून द्वारकाबाईंचं नाव यादीतून कमी झालं. यादी करणारी मीच. माय अजूनही म्हणते, “एक हाय की चांगला. तू जल्दी जाय, तुला उशीर होऊन राह्यला.”

परवा निमंत्रण द्यायला साहेबांच्या घरी गेले होते. साहेब अर्थातच प्लॉटवर होते. कौसल्याकाकू म्हणाल्या, “तीस वर्सं पाहुण्यावाणी आले आन गेले. आता मुक्कामी येऊन राह्यले. दुपारच्याला काय खातात, तेबी मला माहीत न्हाई.” काकू, आपण हसत होतात म्हणून मीही हसले. रस्त्यात मात्र हसू आलं नाही. आज इथे चार वक्त्यांनी सांगितलं की साहेबांनी तीस वर्षांत हंगामातली एकही रजा घेतली नाही. टाळ्या पडल्या. कौसल्याकाकूंचे हात मांडीवरच होते, ते मी पाहिलं. महत्त्वाच्या गोष्टीला वेळ द्यावा, असं आपण सगळेच बोलतो. महत्त्वाचं काय, हे ठरवायचं काम मात्र आपण फुलांवर सोपवलं.

आता उशिराचं कारण. आज सकाळी सात वाजता अंबडजवळच्या भिवा आणि चांगुणाबाईंच्या प्लॉटवर गेले. नवरा-बायको दोघंच अर्धा एकर सांभाळतात. चांगुणाबाई पदराने एक डोळा दाबून नरफुलं गोळा करत होत्या. काल संध्याकाळी फांदी लागलेली. म्हणाल्या, “काही न्हाई ताई, कचरा असंल.” मी त्यांना बांधावर बसवलं, पापणी वर केली आणि बघितलं. किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचं राहून गेलं.

मी म्हटलं, “चला, जालन्याला. दोघंही.”

भिवा म्हणाले, “आन फुलं?”

“तोडून टाकू.”

“मागल्या साली तर रविवारचं तुम्हीच सांगून राह्यल्या व्हत्या. आता खाडा पडला तर कंपनी प्लॉट देईल का?”

“खाडा माझ्या नावावर पडेल.”

“ताई, बिलकुल शुद्धीवर हायेत ना?”

चांगुणाबाई एका डोळ्याने हसल्या. आम्ही साडेसातची एसटी धरली. त्यांच्या डोळ्याला पट्टी बांधली आहे, परवा पुन्हा बोलावलंय. डोळा राहील, असं डॉक्टरांना वाटतं. तिथून मी थेट इथे आले.

माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, आणि ज्यांच्या शेऱ्यावर ती व्हायची ते सगळे समोर बसले आहेत. तरी मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आयोजकांचे आभार. साहेब, आपण मला काम शिकवलंत, त्याचे आभार वेगळे आणि मनापासून. उद्या दुपारी घरी जेवा. बोलताना कुणाचा मान दुखावला असेल तर लहान समजून पोटात घाला. उशीर मात्र माफ करू नका, तो मी समजून उमजून केला आहे.

प्लॉटची रोजवही साहेबांच्या आजच्या शेवटच्या सहीसाठी टेबलावर ठेवली आहे. त्यात एसटीत बसण्याआधीच मी लिहिलं आहे: “आज क्रॉसिंग झाले नाही. मी बंद ठेवायला सांगितले.” खाली माझं पूर्ण नाव आहे.