ताईची सभा

“सरक थोडी, रागिणी. सारी सीट तुलेच लागते का?”

दर्यापूरहून अमरावतीला निघालेल्या एसटीत माझ्या पुढेच मायलेकी बसल्या होत्या.

“माय, तिथं बोलाचं काय?”

“वकील ताईनं लिहून देल्लं ना? त्या मुडद्यानं तुह्या अब्रूवर हात टाकला, अन् ताईनं त्याले जेलात धाडलं. बस.”

“मैदान लय मोठं हाय म्हंतेत.”

“मंग? निवडणूक हाय ताईची. चार वर्षं लढली थे तुह्यासाठी. उपकार फेडाचे नाईत?”

“फेडाचे हायेत.”

“मंग रडून काहून राहिली?”

“कोर्टात ताईनंच जजसायबाले सांगून सगळ्याइले बाहेर काढलं होतं, माय. दार लावलं, मंगच मी बोलली. आता थेच माइकवर सांग म्हंते.”