पिवळ्या मफलरवाली

हॅलो?… हां, जनेल, बोल. बघितलास ना फोटो?… मीच टाकला, परवा, फेसबुकवर. बघू दे की सगळ्या व्हर्जिनियाला!

…काढून टाक? का म्हणून?… अगं, ऐक ना. शेजारची पॅम व्हिएन्नाला फिरायला गेली होती, तिला दिसला माझा नवरा, तिनेच काढला फोटो. कॅफेत, त्या पिवळ्या मफलरवालीच्या समोर. आणि हातमोजे बघितलेस तिच्या हातातले? कर्टिसचे! नाताळात मी विणून दिलेले!… हो, हो, जळतेय मी. जळू नको तर काय आरती ओवाळू तिची?

…काय लिहिलंय? वाच की. 'हा माझा कर्टिस. जगाला सांगतो, धान्य वाळवायची यंत्रं विकतो. खरं तर आहे सरकारी गुप्तहेर. बघा कशी देशसेवा चाललीय!'… हो, कंपनीचं नावही टाकलं. त्याच्या कार्डावरच असतं ते.

एकोणीस वर्षं तोंड शिवून बसले गं मी. आम्हा हेरांच्या बायकांना नियमच आहे. कुठे चाललास विचारायचं नाही, विमानतळावर सोडायला जायचं नाही. लेकीच्या पदवीदानालाही नव्हता तो. आणि हिच्यासाठी बरा वेळ मिळतो!

…थांब, गाडी आली त्याची. ऑफिसातले दोघं आहेत सोबत… ठेवू नकोस, ऐकच तू, कसा सोलते ते.

कर्टिस, कोण ती?… ओरडू नकोस माझ्यावर. कोण ती, सांग!

…

…जनेल?… आहेस ना?… तो म्हणतो, ती तिच्या देशात मंत्रालयात कारकून होती. तिकडचे कागद आपल्याला द्यायची. सहा वर्षं… हो गं, 'होती'च म्हणाला… काल कामावरून घरी पोचलीच नाही. दोन मुली आहेत तिला… नाही, आता काढून काय उपयोग? तिकडच्यांनी फोटो कधीच उतरवून घेतला… आणि त्याच कंपनीचं कार्ड खिशात घेऊन फिरणारे आणखी अकरा हेर आहेत. असाल तसे निघा म्हणून निरोप गेलेत. चौघांचं उत्तर नाही…

…मला? मला एका शब्दानं दोष दिला नाही. खुर्चीत बसून रडतोय, तिचं नाव घेऊन… माझं ऑपरेशन झालं तेव्हा डोळा ओला झाला नव्हता गं त्याचा. आणि मला, जनेल, देवाशपथ सांगते, अजूनही तिचा हेवाच वाटतोय…

हो साहेब, देते… माझी बहीण आहे, ओहायोची… घ्या. घ्या फोन.