जवाईबापूंच्या हाताखालची पोटरी

...अन् वरून सगळे त्यालेच म्हणून राहिले, पाय सैल सोडा, पाय सैल सोडा! अरे, पाय का आपलं ऐकते? तुमाले सांगतो, गांधीबागेतला आमचा मारोतराव, गिऱ्हाइकाले दिवसभर कापडाची ठाणं उलगडून दाखवेल पण कपाळाले आठी पडू देणार नाही, असा माणूस त्या दिवशी दवाखान्याच्या टेबलावर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पडला होता, अन् घामानं नुसता डबडबला होता!

झालं असं, शामलाचा नवरा, म्हणजे मारोतरावाचा जवाई रविंद्र, डॉक्टर. सत्त्याऐंशी साल, सोनोग्राफीचं मशीन नवंनवं आलेलं, अन् मोठ्या परीक्षेसाठी यानं विषय कोणता घ्यावा? पोटरीचं मांस कडक का नरम, ते त्या मशीननं मोजायचं! मशीनची मूठ पोटरीवर ठेवायची, दाबायची, मांस किती दबलं ते पडद्यावर पाहायचं. बरं, एकट्यानं मोजून भागत नाही. तीच पोटरी दुसऱ्या डॉक्टरनं मोजायची अन् दोघांचा आकडा जुळला पाहिजे, नाही तं त्याले शिकवणारे मोठे साहेब नाकातल्या नाकात म्हणत, "हे माप भरवशाचं नाही. प्रबंधावर सही होणार नाही." अन् आकडा काही जुळेना! जवाई जेवेना, शामला माहेरी येऊन रडे, शेवटी मारोतरावच म्हणाला, माही पोटरी घ्या, मी हलणारच नाही.

हलला नाही हो! पण रविंद्रच्या दोस्तानं, डॉक्टर अनंतनं मोजलं तं पोटरी लोणी. रविंद्रनं मूठ ठेवली तं लाकूड! परत अनंत, लोणी. परत रविंद्र, लाकूड. रविंद्र पार रडकुंडीले आला, मामाजी, सैल सोडा ना... आता कसं सोडणार, तुम्हीच सांगा? लग्नात ज्या जवायाचे पाय यानं परातीत धुतले, ते पाणी डोळ्याले लावलं, तो जवाई आज वाकून याच्या पायाले हात लावून राहिला! पाप लागते का काय, म्हणून मारोतरावाचा जीव कासावीस. मनानं तो सैल सोडे, पण पाय का आपलं ऐकते?

"जवाईबापू," शेवटी तो म्हणाला, "माह्या डोळ्यावर दुपट्टा बांधा. कोण हात लावून राहिलं, ते मले कळूच देऊ नका."

बांधला. दोघंही तोंडातून शब्द न काढता आलटूनपालटून मोजत गेले... अन् जुळला की आकडा! बाजूलेच उभ्या मोठ्या साहेबांनी तिथंच सही केली. मारोतराव उठून बसला, दुपट्टा सोडला, अन् रविंद्रले इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यानं सासऱ्याच्या पायावर डोकंच ठेवलं!

झालं. पोटरीत असा गोळा आला की मारोतराव परत आडवा. जवाई घाबरून चोळून राहिला, अन् जितकं चोळे तितकी पोटरी आवळून येई. वरून त्याचं चालूच, मामाजी, पाय सैल सोडा! पाय का आपलं ऐकते?

मारोतराव कण्हतच म्हणाला, "बापू, सही तं भेटली ना तुमाले? मंग चोळाले अनंतले पाठवा, अन् तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा."