दोनदा मागितलेला ठेचा

तुळजापूरच्या स्टँडवर माकणीच्या एस्टीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

“निकिता, वेंगुर्ल्याच्या विहीणबाईंनी दिलेला डबा म्या सोलापुरात कुत्र्याला टाकला, ते समर्थदादाला सांगू नगंस.”

“काजूची उसळ होती आई. काल पहाटं उठून केलती त्यांनी. तू ताटात घेतली न्हाईस म्हणून वाटंत खायला बांधून दिली.”

“त्याच म्हणल्या की, काजू फिरंग्यांनी जहाजातनं आणला म्हणून. मग म्या बी म्हणलं, परक्यांचं खाणं आमच्यात चालत न्हाय. काढला आपला ठेचा न् भाकर. आपलं कसं, अस्सल.”

“त्यांनी दोनदा मागून घेतला ठेचा.”

“घेणारच की. लई आवडला त्यास्नी.”

“आई, मिरची बी तसल्याच जहाजातनं आली. ठेच्यातला शेंगदाणा बी.”

“कोण म्हणतं?”

“आपली होणारी वहिनी. भांडी घासताना बोलली. ती तुला ताटावरच सांगणार होती, पण तिच्या आईनं डोळे वटारले. म्हणल्या, पाव्हणीला सुखानं जेवू दे.”

“म्हंजी विहीणबाईंना ठावं होतं?”

“व्हय.”

“आन् तरी दोनदा मागितला?”

“व्हय. आई, फोन वाजतोय. त्यांचाच हाय.”

“मी झोपले म्हणून सांग.”

“भर दुपारी? स्टँडवर?”

“सांग की गं!”

“हॅलो मावशी... आईला झोप लागलीय. व्हय, उसळ आवडली तिला, सगळी संपली... ठेचा? लग्नाच्या पंगतीत वाढायला? व्हय, सांगते. उठली की सांगते तिला.”