पोपटीत पाणी

कर्जतच्या दवाखान्यात सोनाली नंबर लावून बसली होती. मागच्या बाकावर पोशीरच्या धोंडूमावशी आणि त्यांची शेजारीण संजना बोलत होत्या.

"मावशी, मोबाइलवरच्या मैत्रिणीच्या दहाव्याला तुमी पान ठेवलंत?"

"तिच्या लेकीनं कळवलं. मग ठेवलं कौलांवर."

"तोंड तरी बघितलं होतं तिचं?"

"नाय गं. फोटोत नुसतं जास्वंदीचं फूल. माझ्या पोपटीच्या व्हिडिओखाली तिनं लिवलं, मडक्यात पाणी घाला, शेंगा करपतील. तवापासून रोज भांडत होतो."

"पोपटीत पाणी? अगंबाई! शेंगा तर पाल्यात बिनपाण्याच्याच भाजायच्या! कुठली ही?"

"नागपूरची. तिला काय ठाव!"

"मग शिवला कावळा?"

"कुठला! तारेवर बसून नुसता बघत होता. लेकीची काळजी करू नको म्हटलं, तरी ढिम्म. शेवटी म्हटलं, बाई, तुझंच खरं, घालीन पाणी. तशी झडपच घातली त्यानं!"

सोनालीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. ती काही उठेना.

"मग यंदा खरंच घालणार?"

"एका मडक्यात. शब्द दिलाय ना."

"आणि पोपटी बिघडली तर?"

"बिघडणारच गं! पण 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे आता सांगू कोणाला?"