गाणं संपेपर्यंत

(किकबॉक्सिंगची अंतिम लढत. रिंगचा निळा कोपरा : एक स्टूल, एक बादली, एक टॉवेल. तीन फेऱ्यांपैकी पहिली आत्ताच संपली आहे.)

मामा : गिळू नकोस. थुंक बादलीत.

भाची : नाक गेलं, मामा.

मामा : जागेवर आहे. वाकडं आहे, पण आहे.

आक्का : माझ्या पोटची पोर आहे ती, बाळ्या, तुझी वाळूची पिशवी नव्हे. समोरचीचे एकवीस बसले, हिचे चार. मी मोजलेत. त्या चारातला एक पंचाला लागला.

भाची : ताईला आधीच कळतं गं, आई. लाथ निघायच्या आत ती सरकलेली असते.

मामा : कळणारच. माझी थोरली लेक आहे ती. तू ज्या कॅसेटवर शिकलीस, तिच्यावरच तीही शिकली. आत्ता डोक्यात काय वाजतंय तुझ्या?

भाची : पहिल्या बाजूचं दुसरं गाणं.

मामा : तिच्याही तेच वाजतंय. कडव्यात तू गोल फिरतेस, कोरसला ठोसे, गिटार किंचाळली की उजवी लाथ. ती तोंडपाठ करून उभी आहे.

आक्का : हेवी मेटल म्हणे! केस फुगवलेले, डोळ्यांत काजळ, बायकांच्या घट्ट विजारी घालून बोंबलणारे बाप्ये. तीस वर्षं त्यांच्या तालावर पोरं बडवतोयस. आता बघ, घरातलीच घरातलीला बडवतेय.

मामा : आक्का, बर्फ दे. आणि तू, डोक्यातलं गाणं बंद कर.

भाची : चार वर्षं रोज वाजवलंस. नळ आहे का तो, बंद करायला?

मामा : घंटा झाली. ऊठ. हात वर!

*

आक्का : केलं गाणं बंद. बघ, बुजगावणं झालंय पोरीचं.

मामा : हनुवटी खाली! खाली गं!

आक्का : सव्वीस. सत्तावीस. डोक्यावरची लाथ एक धरू की दोन?

मामा : मोजणं थांबव.

आक्का : तू थांब म्हटलंस की सगळ्यांनी थांबायचं होय? अगं आई गं! पडली!

मामा : उठेल. पंचाचे चार झाले मोजून. पाच. घाई नको, आधी गुडघा टेकव!

आक्का : भुवई फाटली रे. आणि तू काय ओरडतोस? हनुवटी, गुडघा, हात. तुझ्या थोरलीचं कुठं दुखतं ते तुला ठाऊक आहे. तेवढं सोडून बाकी सगळं ओरडतोयस.

मामा : आठला उठली. शाबास!

आक्का : मी काय म्हटलं?

मामा : डावी बरगडी.

आक्का : सरावात पडून मोडली होती ना ती? तूच सांगितलं होतंस.

मामा : पडून नाही. आपल्याकडे नियम होता, गाणं संपेपर्यंत कुणी थांबायचं नाही. ती म्हणाली, बाबा, थांबवा. मी म्हटलं, गाणं चालू आहे. त्या गिटारवाल्याचं संपतच नव्हतं, आक्का. दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली दुसऱ्या कोचकडे. तीन वर्षं झाली.

*

भाची : दात हलतोय.

आक्का : रक्त थुंक. दात नको थुंकूस.

मामा : ऐक. गाणं वाजू दे डोक्यात, पण उलटं वाग. कडव्यात मार, कोरसला गप्प राहा. ती कोरसची वाट बघत बसेल.

भाची : मारू कुठं?

आक्का : सांग की आता. का मी सांगू?

मामा : डाव्या बरगडीवर.

भाची : माहितेय. त्या दिवशीची लाथ माझीच होती, मामा. ती थांब म्हणत होती, तू चालू ठेव म्हणालास, मी मारली. दोन फेऱ्या तेवढी जागा वाचवून लढतेय मी.

आक्का : तरीच चार!

भाची : तू सांग. मारू? तू म्हणालास तरच मारेन.

मामा : मार.

*

आक्का : बसला! कडव्यात बसला! तिचे डोळे बघ, कळलंच नाही तिला. अजून एक!

मामा : आता लाथ. खालून.

आक्का : बरगडीवर! वाकली रे. दुसरी... त्याच जागी. तोंड पांढरं पडलं तिचं. कोपर खाली गेला, आता डोकं उघडं. हाण! नऊ, दहा, अकरा... अरे, ती पडत का नाही?

मामा : पड गं. पड, बाई.

आक्का : नाही पडायची. तूच उभं राहायला शिकवलंयस. तेरा. श्वास घेता येत नाहीये तिला. चौदा. अर्धं मिनिट राहिलंय, आपण... बाळ्या, टॉवेल कशाला उचललास? अरे, तो आत पडला की आपण हरलो! ठेव खाली! बाळ्या!

*

भाची : टॉवेल कुणी टाकला?

मामा : मी.

भाची : मरायला ती टेकली होती, मी नाही! जिंकत होते मी! वीस सेकंद उरले होते, मामा!

मामा : ती थांबवा म्हणाली.

भाची : एक अक्षर बोलली नाही ती.

मामा : तेव्हा म्हणाली होती.

आक्का : तेव्हाचं आज फेडलंस, आणि माझ्या पोरीच्या नाकानं?

मामा : हो, आक्का.

आक्का : वर बोलतोस पण! चार वर्षं हिनं... जाऊ दे. ती बघ, स्टुलावर बसताही येत नाहीये तिला. तिचा कोच पंचांशी हात मिळवण्यात गुंतलाय. एक माणूस नाही तिच्यापाशी.

भाची : मामा, माझा हात सोड.

मामा : ग्लोव्हज काढतोय. सुजतील बोटं.

भाची : ते आई काढेल. तू जा तिकडे.